पहिला ‘हो’ कशाचा?

“बाबा, आईने तुझं काम नापास केलं की तू रुसून बसतोस का? खरं सांग!”

बाबाचा घास तोंडाशीच थबकला. आईने हसू दाबायला पाण्याचा पेला उचलला आणि त्यातला एकही घोट न पिता तो परत ठेवला.

प्रश्न लेकीचा एकटीचा नव्हताच. मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखव म्हणून. एकाच घरातल्या दोन खोल्यांत बसून नवरा-बायको एकमेकांना लेखी शेरे पाठवतात, ही गोष्ट त्या टोळक्याला इतकी भन्नाट वाटायची, की मधल्या सुट्टीत त्या शेऱ्यांची नक्कल व्हायची. ‘सदर ओळ पुन्हा तपासावी, आपली नम्र बायको.’ महिन्याभरापूर्वी असलं काही विचारायचा तिला धीरच झाला नसता. हल्ली तिला कुठलाही प्रश्न पोटात ठेवता येत नसे. बाबाने तिचं नाव ‘भोंगा’ ठेवलं होतं ते काही उगाच नाही.

“रुसत नाही,” बाबा घास गिळून म्हणाला. “फक्त त्या दिवशी हिचा चहा करत नाही.”

“म्हणजे रुसतोच,” आई म्हणाली.

दोघं मिळून शोधयंत्रणा बनवत. जुन्या कागदपत्रांच्या डोंगरातून हवा तो शब्द नेमका शोधून देणारी. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं आणि आपलंच काम आपण मंजूर करायचं नाही, हा घरातला सर्वांत कडक नियम. पूर्वी काका तिसरा भागीदार होता. तो नोकरी धरून परगावी गेला आणि मागे हे दोघंच उरले.

“आज काय तपासणारेस?” तिने आईला विचारलं.

“याने शोधाचे पर्याय नव्याने मांडलेत. उद्या गिऱ्हाइकाकडे जायचंय ते.”

“मी बसू शेजारी?”

“तू? पाच मिनिटांत जांभया देशील.”

“कशावरून?”

“ओळखते ना मी तुला!”

हे वाक्य तिने याच आठवड्यात आणखी एकदा ऐकलं होतं. लांबच्या शहरातल्या एका शाळेने तिला प्रवेश देऊ केला होता. वसतिगृहात राहायचं, विज्ञान शिकायचं. येणार की नाही, ते उद्यापर्यंत कळवायचं होतं. आई फोनवर आत्याला म्हणाली होती, “ती कसली जातेय! ओळखते मी तिला. चौथीत शिबिराला पाठवली, तर दुसऱ्या दिवशी रडून रडून डोळे सुजलेले. घरी आणावी लागली.” शेजारी बसलेल्या बाबानेही मान डोलावली होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. आणि गंमत अशी, की विचारलं असतं तर काय सांगायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे धड चिडताही येत नव्हतं.

जेवण झाल्यावर ती आईशेजारी खुर्ची ओढून बसली. संगणकाच्या पडद्यावर डावीकडे जुन्या ओळी लाल रंगात, उजवीकडे नव्या हिरव्या.

“हे बघ,” आई म्हणाली. “शोधताना काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. एक, इंग्रजी अक्षर मोठं असो की लहान, एकच धरायचं का? दुसरी, पूर्ण शब्दच हवा का? नाहीतर ‘कर’ शोधायला जावं आणि नोकर, करवत, चकरा, सगळी वरात दारात.”

“आणि हे ‘हो, नाही’ काय आहे?”

“जुनी पद्धत. नुसते हो आणि नाही रांगेत लिहायचे. कुठला कशाचा, ते आपण लक्षात ठेवायचं. याने आता प्रत्येकाला नाव दिलंय. बघ, किती स्वच्छ दिसतंय.”

दिसत होतं खरं. आई भराभर पडदा सरकवत होती. लाल, हिरवं, लाल, हिरवं. भाजी निवडावी तसा तिचा हात सवयीने चालला होता. मध्येच एक मंजुरीची खूण, की पुढे.

“थांब, थांब! मागे जा. इथे पहिला ‘हो’ कशाचा?”

“लहान-मोठ्या अक्षरांचा. पहिला नेहमी तोच.”

“नेहमी म्हणजे? कुठे लिहिलंय?”

“अगं, लिहिलंय.” आईने शोधणाऱ्या आज्ञेची मूळ व्याख्या उघडून दाखवली. खरंच, पहिला अक्षरांचा, दुसरा पूर्ण शब्दाचा.

“पण ही व्याख्या दुसऱ्याच आज्ञेची आहे. इथे जी आज्ञा बोलावली आहे तिचं नाव वेगळं आहे. तिची कुठे आहे?”

“ते काकाच्या वेळचं आहे. सारखंच अस...” आई बोलता बोलता ते शोधू लागली. फाइल उघडली. तिचा हात थांबला.

काकाने क्रम उलटा ठेवला होता. आधी पूर्ण शब्द, मग अक्षरं. बाबाने मात्र पहिल्या ‘हो’ला अक्षरांचंच नाव चिकटवलं होतं.

आईने दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावल्या.

“म्हणजे आता,” ती हळूच म्हणाली, “गिऱ्हाइकाने ‘कर’ शोधला की...”

“वरात.”

“मग या हिरव्या खुणा कसल्या? चाचण्या पास झाल्यात ना?”

आईने चाचणी उघडली. तिथे दोन्ही पर्याय ‘हो’च होते. अदलाबदल झाली काय, न झाली काय, निकाल तोच.

“अरे, इकडे ये जरा!” आईने हाक मारली.

बाबा आला, खुर्चीच्या पाठीवर ओणवला, वाचलं आणि मान चोळत सरळ झाला. “अरे देवा! रांग दिसली आणि हात चालवला मी. क्रम तर पाठच आहे.”

“आणि तू हे मंजूर करणार होतीस?” तिने आईला विचारलं. विचारण्यात खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आई हसली. “मी वाचत होते कुठे! याला काय म्हणायचंय ते मला ठाऊक असतं ना. तेच दिसत होतं मला.”

“इतक्या वर्षांत मीही पाठ झालोय हिला,” बाबा म्हणाला. त्याचा स्वर काहीसा फुशारकीचाच होता.

ती हसली नाही. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बाबाच्या. नव्या माणसाकडे बघावं तसं.

“बरं झालं भोंगा वाजला,” बाबा म्हणाला. “ठरलं तर. उद्यापासून शाळा सुटली की थेट इथे. आमचा तिसरा भागीदार!”

“सुट्टीत तर दिवसभर,” आई म्हणाली. “आवडेलच तिला.”

दोघं खुशीत तिची बसायची जागा ठरवायला लागले. खिडकीपाशी टेबल मावेल का, काकाची खुर्ची माळ्यावर आहे ती उतरवायची का. बाबा तर हाताच्या वितीने भिंत मोजू लागला.

“मी त्या शाळेत जाणार आहे,” ती म्हणाली.

बाबाची वीत भिंतीवर तशीच राहिली. “अगं पण तुला तिकडे करम...”

आईने त्याच्या दंडावर हात ठेवला. तिचंही तोंड काहीतरी बोलायला उघडलं होतं. ते तिने मिटलं. लेकीकडे वळून बसली.

“का गं?” तिने विचारलं आणि उत्तरासाठी थांबली.

“तिथे मला कुणीच ओळखत नाही,” ती म्हणाली. “करमेल की नाही, ते मलाही माहीत नाही. जाऊन बघते. उद्या सकाळी मीच कळवते त्यांना.”