टोचणार नाही इतकंच

"ओटमार, मी आणि दगड, आधी खाली कोण येतं?"

प्रश्न रिकेचा नव्हताच. ग्लायडर वर खेचणाऱ्या विंचच्या दोरापाशी दात काढत बसलेल्या तिच्या मित्रांनी, योर्न आणि थेक्लानं, पैज लावून तिला विचारायला लावलं होतं.

ग्लायडर क्लबच्या म्हाताऱ्या शिक्षकानं, ओटमारनं, मानही वर केली नाही. "दगड. पण फार फरक नाही गं."

थेक्ला हसून हसून गवतात लोळली. रिकेही हसली. पण घरी करार झाला होता: या रविवारपर्यंत एकटीनं तासभर हवेत टिकायचं, नाहीतर ग्लायडर बंद आणि शनिवार-रविवार घरच्या बेकरीत काम. बिनइंजिनाच्या ग्लायडरला वर नेणारी गरम हवा तिला सापडायची, पण दोन घिरट्यांत हातून निसटायची.

"पहिल्या एकट्या उड्डाणानंतर काट्यांचा गुच्छ हातमोजे घालून घेतलास," योर्न म्हणाला. "मग हात जागा होणार कसा?"

खरंच होतं. काटे उघड्या तळव्यानं झेलायचे, म्हणजे हाताला हवा कळते, अशी क्लबची रीत. हिनं गुपचूप हातमोजे चढवले होते!

ओटमार उठला. मैदानाच्या कडेचं जांभळं काटेरी फूल तोडून त्यानं तिच्या मुठीत दिलं.

"आई गं!"

"आवळतेस म्हणून टोचतं. टोचणार नाही इतकंच धर. हं. ग्लायडर वळवायचा दांडाही तस्साच धरायचा. आणि जो पंख उचलला जाईल तिकडे लगेच वळ. हवा वर नेतेय हे सांगणाऱ्या यंत्राची वाट बघू नकोस, ते उशिराच बोलतं."

विंचनं तिला वर खेचलं, दोर सुटला. दांड्यावर नुसती बोटं. आल्ब डोंगराच्या कड्यावर डावा पंख हळूच उचलला गेला, कुणी कोपरानं ढोसल्यासारखा. एरवी तिनं दांडा आवळून तो सरळ केला असता. आज ती त्याच्याच बाजूला वळली, चांगली तिरकी होऊन. मागाहून यंत्र पिपाणीसारखं गाऊ लागलं. एक घिरटी, दुसरी, तिसरी... सुटलंच नाही! बेकरीचं छप्पर पावाच्या चुऱ्याएवढं झालं. आणि रिकेनं शोधलेल्या हवेत एक घार घिरट्या घालायला आली, तीसुद्धा खालून!

ती उतरली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या.

"दगड आला रे!" योर्न ओरडला. "दोन तासांनी!"

कुंपणापाशी आई आलूबुखारचा केक घेऊन उभी होती, बाबा अजून आकाशातच बघत होते. रिके धावत गेली.

"आई, बाबा, माझं ठरलं! बेकरीत येईन, पण पहाटे. गरम हवा दहाच्या आधी उठतच नाही. ती उठली की मी इथे!"