पिकपएवढी हवा

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघे गावात आमच्या घरासमोर दोन गाड्या उभ्या असतात. एक भाजीची पिकप, तिची धूळ झटकायला कुणाला वेळ नसतो. दुसरी माझ्या नवऱ्याची, मुकेशची, लाल, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. तिला पुसायला घरात वेगळं फडकं आहे आणि त्या फडक्यानं मी एकदा ओटा पुसला म्हणून दोन दिवस अबोला झाला होता. पिपरीकडचं वांग्यांचं वावर प्लॉटवाल्यांना विकलं तेव्हा त्या पैशातून मुकेशनं नागपूरच्या एका हौशी माणसाकडून ही गाडी जुनीच घेतली. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तेव्हा एवढंच विचारलं, "हिच्यात भाजीचे कॅरेट किती बसते?"

गाडीचे टायर दिसायला कोरे होते. पण मुकेशनं त्यांच्या बाजूला कोरलेले आकडे वाचले, तर ते गाडीएवढेच म्हातारे निघाले. कडेला बारीक भेगाही होत्या. मामाजींना ते काही पटेना.

"नक्षी आहे ना? मंग टायर फेकून कोण देते?" पिकपचा टायर आमच्याकडे तार दिसेपर्यंत चालतो.

पुढचा महिनाभर मुकेश टायरशिवाय दुसरं बोलला नाही. जेवताना टायर, झोपताना टायर. पहिला टायर असा मऊ की वळणावर रस्त्याला चिकटून बसणार, पण पावसात त्याचा भरवसा नाही आणि खोडरबरासारखा झिजणार. दुसरा कडक, वर्षानुवर्षं चालणारा, पण करकचून ब्रेक मारला तर घसरत जाणार. तिसरा मधला. पकड चांगली, पाणी काढून द्यायला रुंद खाचा, वेग आणि उष्णता दोन्ही सोसणारा. मुकेशचं मन पहिल्यावर होतं.

माझं मन कशावरच नव्हतं. ही गाडी एक दिवस समृद्धी महामार्गावर जाणार आणि मागच्या त्या पिशवीएवढ्या सीटवर माझी गुंजन बसणार, हे मला गाडी दारात आली तेव्हाच दिसलं होतं. उन्हाळ्यात टायर फुटल्याच्या बातम्या मी मोबाईलवर बघायची. एक बघितली की तशाच आणखी पुढे यायच्या, आणि त्याही मी बघायची.

म्हणून वर्ध्याच्या टायरच्या दुकानात मीही गेले. मामाजीही आले. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

"भैयाजी," मी दुकानदाराला म्हटलं, "मले एकच सांगा. मे महिन्यात, सिमेंटच्या रस्त्यावर, लेकरू मागं बसलं असन तं यातला कोणता फुटणार नाई?"

"हा मधला न्या, वहिनी. पण टायर कोणताबी घ्या, हवा बरोबर पाहिजे. थंड टायरमधी बत्तीस. जास्त भरली तं टायर मधातच टेकते, ब्रेक धरत नाई, अन् उन्हानं हवा आणखी फुगते."

मामाजी तेव्हा बाहेर एकेक टायर अंगठ्यानं दाबत होते. आत येऊन म्हणाले, "हे तं पिकल्या टमाट्यावानी आहेत." आम्ही सगळे हसलो.

मधला ठरला. मुकेशकडून मी एक शपथही घेतली. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, माझा आला तरी नाही.

शाळेला सुट्ट्या लागल्या आणि गुंजनला नागपूरला कोकिळाआत्याकडे सोडायचं ठरलं. त्या दिवशी मी नव्या टायरांना हळदकुंकू लावलं, चारही चाकांखाली लिंबू ठेवलं. मामाजी जेवल्याशिवाय कुणाला जाऊ देईनात, म्हणून निघता निघता ऊन डोक्यावर आलं. गाडी लिंबं चिरडत निघाली. फाटकाच्या उंबऱ्यावर ती जरा जास्तच उडाली असं मला वाटलं, पण गुंजन हात हलवत होती आणि मी तिच्याकडे बघत होते.

मग लिंबांची सालं गोळा करायला वाकले, तर तिथं कम्प्रेसरची नळी पडलेली. पिकपच्या चाकांत हवा भरायला तो आमच्या शेडमध्ये ठेवलेला असतो.

"मामाजी, हे काऊन काढलं?"

"हवा मारली," मामाजी खुशीत म्हणाले. "मुकेश आंघोळीले गेलता. लाथ मारून पाह्यलं तं चारही टायर पोचट. एवढ्या दूर जाऊन राह्यले, म्हटलं टणक करून देऊ."

"किती मारली?"

"पिकपएवढी. साठ."

माझ्या हातातली सालं खाली पडली. कॅरेटांनी भरलेल्या पिकपला साठ लागते, त्यात खोटं काहीच नाही. चाकाला लाथ मारायची, पाय दुखला की हवा बरोबर, हा आमच्या घरचा कायदा आहे आणि मामाजींनी तो लेकाच्या काळजीपोटी लावला होता. भैयाजी काय म्हणाले होते ते मी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर उतरला.

मी मुकेशला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ज्या माणसानं लग्न झाल्यापासून माझं एक ऐकलं नाही, त्यानं नेमकी हीच शपथ पाळायला घेतली होती.

"बस पिकपमधी, वर्षाली," मामाजी म्हणाले.

येळाकेळी गाव आलं की समृद्धीवर चढायचं. एकदा मुकेश चढला की आमची पिकप त्याला जन्मात गाठणार नव्हती. मामाजी कधी नव्हे एवढ्या जोरात चालवत होते आणि मागं रिकामी कॅरेटं आदळत होती. रस्त्याच्या कडेला काळ्या रबराचा तुकडा दिसला की तो आमच्याच टायरचा तर नाही, हे मी मान वळवून बघायची. मला राग येत होता. मुकेशचा, गाडीचा, मामाजींचा, त्या मेल्या लिंबांचासुद्धा. रागाच्या खाली नुसती भीती होती.

"मले वाटलं, भरली म्हणजे चांगली," मामाजी म्हणाले.

"बोलू नका, मामाजी. समोर पाहा."

समृद्धीच्या अलीकडे, एका कडुलिंबाखाली लाल गाडी उभी होती. मी आधी चाकं मोजली, मग माणसं. गुंजन दगडावर बसून बिस्कीट खात होती. मी धावत जाऊन तिला उचललं, तेव्हा ती म्हणाली, "आई, दुखते ना."

मुकेश मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. पिकप बघून उठला आणि वडील उतरताना दिसताच त्यानं हातातलं हवा मोजायचं मीटर झटकन खिशात घातलं.

"बाबा, तुम्ही? काई नाई, गुंजनले तहान लागलती."

"नाई लागली," गुंजन म्हणाली. "बाबा हवा सोडून राह्यले. आजोबाले सांगू नको म्हणे."

मी मुकेशला विचारलं, "तुम्हाले कधी समजलं?"

"फाटकातच. स्टेअरिंग हातात ठरत नव्हतं, अन् मागं कम्प्रेसरची नळी पडलेली दिसली."

"मंग तिथंच काऊन नाई सोडली?"

"बाबा दारात उभे होते ना. हौसेनं भरली होती त्यायनं." मुकेश माझ्याकडे बघत होता, वडिलांकडे नाही. "अन् रस्त्यानं सारे बाजारातले ओळखीचे. कोणी ना कोणी सांगतलं असतं, तुह्या पोरानं तुही हवा सोडली म्हणून. हळू आणली मी, वर्षाली."

आता मात्र माझा तोल गेला. "एका टायरसाठी महिना घातला तुम्ही! अन् एक शब्द बोलाले होत नाई म्हणून माह्या पोरीले त्याच टायरवर बसवून इथपर्यंत आणलं? मामाजी तुम्हाले विचारत नाईत, तुम्ही त्यायले सांगत नाई. तुमच्या दोघांच्या मानापानात फुटला असता तं?" सासऱ्यांसमोर मी एवढ्या मोठ्यानं कधीच बोलले नव्हते.

मामाजींनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

"कोणता राह्यला?"

"हाच. बाकीचे झाले," मुकेश म्हणाला.

मामाजी गाडीला धरून हळूहळू चाकाशी खाली बसले. "काढ ते मीटर खिशातून. वाचून दाखव. मले बारके आकडे दिसत नाई."

मुकेशनं मीटर लावलं. "पासष्ट."

"म्या तं साठच मारली होती."

"ऊन आहे, बाबा."

मामाजींनी वॉल्व्हची पिन दाबून धरली. हवा बराच वेळ फुसफुसत राहिली. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली. "बस झाली?"

मुकेशनं पुन्हा मीटर लावलं. "नाई, बाबा. अजून सोडा. छत्तीसवर थांबू, तापलेला आहे."

माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली. मुकेशला वडिलांना "नाई" म्हणताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मामाजींनी पिन पुन्हा दाबली.

मी गुंजनला मागे बसवलं आणि तिचा पट्टा दोनदा ओढून बघितला. मामाजी उठले, अंगठ्यानं टायर दाबून बघितला, मग सवयीनं लाथ मारायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मले तं अजूनबी पोचटच लागते," ते लेकाला म्हणाले. "पण तू म्हणतं ना, मंग बरोबर असन. जा. पोहचला की फोन करजो."