धनवंताला न मिळालेली सतरंजी

मित्रांनो, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची मी एक म्हातारी सतरंजी आहे. सौंदड स्टेशनापासून दोन कोसांवरच्या एका गावाची. कुणा एकाच्या घरची नव्हे, अख्ख्या गावाची. विणकराने मला मागावर ठोकून विणलं ते चाळीस माणसं मांडी घालून बसतील एवढं लांब. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकासाठी गावाने मला आणलं. मग बारसं असो की तेरवी, "सतरंजी आली काय?" असं विचारल्याशिवाय कुणाचं कार्य सुरू होत नसे. तो माझा मानाचा काळ.

मला माणसं तोंडावरून कमी आणि बैठकीवरून जास्त कळतात. काम अंगावर येईल म्हणून दाराजवळची कड धरणारे. पुढाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावणारे. बोलायचं नसलं की माझे दोरे उपसत बसणारे. माझ्या अंगावरच्या भोकांचा हिशेब लावाल, तर उंदरांच्या नावावर थोडी निघतील. बाकी सगळी या गप्प माणसांची.

चार वर्षांपूर्वी एका आठवड्यात गावातले चार बैल मेले. रोगच होता. पण बैठकीत कुणीतरी म्हणालं, जडीबुटी देणाऱ्या भैयाजीने करणी केली. भैयाजी माझ्यावरच बसला होता.

"अरे, मी झाडपाला देतो. बैल कायले मारू?" एवढंच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी तो बोडीत, म्हणजे शेताजवळच्या तळ्यात, मेलेला सापडला. पाय घसरला, असं गावाने एका सुरात सांगितलं. त्याची बायको धनवंता मात्र म्हणाली, "घसरला नाही. मानसं लागली होती त्याच्या मागं. मले त्यायची नावं पाहिजेत."

नावं गावाला ठाऊक होती. म्हणूनच गावाला राग आला. चंद्रकुमार पंचाने माझ्यावर बसून नियम केला: हिच्या शेतात रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, कुणी जायचं नाही, आणि ही सतरंजीवर बसली तर बाकीच्यांनी उठायचं. नवऱ्याची तेरवी तिने उघड्या जमिनीवर एकटीने केली. मी समाजमंदिराच्या कोपऱ्यात गुंडाळलेली होते. सतरंजीला हात नसतात, नाहीतर स्वतःच उलगडत गेले असते. दोन पावसाळे तिने एकटीने धान लावलं. दर महिन्याला ती सौंदडहून गाडी धरून गोंदियाला अर्ज घेऊन जाई. सोबत कुणी नसे.

तिसऱ्या वर्षी तिच्या अर्जावरून चौकशीसाठी नव्या पोलीस अधिकारी मॅडम आल्या. कोतवालाने सवयीने मला अंथरलं. गाव येऊन बसलं. 'पाय घसरला' हे उत्तर प्रत्येकाच्या जिभेवर तयार. तेवढ्यात धनवंता आली आणि माझ्या मधोमध बसली. तसं सगळं गाव उठून भिंतीला पाठ लावून उभं राहिलं. नियम अंगात इतका मुरलेला, की समोर कोण बसलंय याचं भान कुणाला राहिलं नाही.

"का उठलात?" मॅडमनी विचारलं.

"कंबर दुखून राहिली जी," चंद्रकुमार म्हणाला.

"सगळ्यांची?"

मॅडमनी वही उघडली.

"या बाईंना कधीपासून वेगळं ठेवलंय? आणि त्यांचा नवरा घसरूनच मेला असेल, तर ते कशासाठी?"

या प्रश्नाचं उत्तर कुणी पाठ केलं नव्हतं. मग बोडीच्या काठी राहणारी रुख्मा पुढे आली आणि धनवंताला खेटून बसली.

"काकी, उठ. घरचा विचार कर," चंद्रकुमार म्हणाला.

"घरचाच करून राहिली बाबू. तीन वर्सं झोपली नाही." तिची मूठ माझ्यात रुतली. "चार जन होते. मी दारातून पाहिलं. भैयाजीले पोहता येत नव्हतं. तो पान्यात हात जोडून राहिला, अन् हे काठावरून गोटे मारून राहिले. त्यातला एक माहा गुड्डू."

चौघांना पोलिसांनी नेलं. खटला अजून चालू आहे. पुढच्या रोवणीला धनवंताच्या शेतात अकरा बायका आल्या. गाव सावरलं म्हणावं का? अर्धंमुर्धं. पंचांनी प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. आता जो तो आपापल्या खुर्चीत, आणि मी माळ्यावर.

गेल्या महिन्यात गावातल्या रिंकीच्या लग्नात खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मला खाली काढलं. रुख्मा एका कोपऱ्यात बसली. तिच्याभोवती हातभर जागा मोकळी. या वेळी नियम कुणी केला नव्हता. पोटच्या पोराला धरून दिलं, एवढी कुजबुज पुरली. धनवंता मधून उठली आणि कोपऱ्यात गेली.

"सरक."

"कायले आली माह्याजवळ? तुह्या घरधन्याले मारनाऱ्याची माय आहो मी."

"मले नाव तूच दिलं," धनवंता म्हणाली. "बाकी सारे दोरे उपसत बसले." आणि ती तिच्याजवळ बसली. पंगत उठेपर्यंत ती तिथून हलली नाही.

मित्रांनो, मला कधीमधी ऊन दाखवा, कसर लागण्याआधी भोकं शिवा, एवढं माझ्यापुरतं मागणं. दुसरं मागणं तुमच्यासाठी. बैठकीत, वर्गात, पंगतीत कुणाभोवती जागा मोकळी दिसली, तर कारण विचारत उभे राहू नका. आधी जाऊन बसा. कारण काय ते माणूसच सांगेल, कुणीतरी शेजारी आहे असं वाटल्यावर.