फोन कोणी घ्यायचा

जावईबापूंनी चहाचा कप लॅपटॉपपासून लांब सरकवला आणि घसा खाकरला.

"बाबा, करू सुरू?"

"करा की! होऊन जाऊ दे एकदाचं."

सासूबाई समोर विणत बसल्या होत्या. त्यांच्या लोकरीच्या वेबसाइटवर स्वेटरचा नवा नमुना आला की गिऱ्हाइकांची झुंबड उडे, साइट मान टाके आणि तक्रारींचा फोन वाजू लागे. तो आजवर सासऱ्यांनी घेतला, कधी भरल्या ताटावरून उठून, कधी अंगाला साबण तसाच ठेवून. साइट चालायची त्यांनी बसवलेल्या अपाची सर्व्हरवर. जावयाच्या मते एन्जिनएक्स या दुसऱ्या सर्व्हरसमोर तो म्हणजे बैलगाडी! जेवताना रोज हेच भांडण. शेवटी सासूबाईंनी फर्मान काढलं. दोन्ही बसवा, सारखाच भार टाका. जिंकेल तो सर्व्हर ठेवू, आणि तो ज्याचा, फोनही त्यानेच घ्यायचा.

तेव्हापासून दोघांचीही भाषा एकदम मऊ झाली होती.

"तुमचाच जिंकणार हो," सासरे म्हणाले.

"छे छे, बाबा! जुनं ते सोनं."

लॅपटॉपवरून खोट्या गिऱ्हाइकांचा लोंढा आधी अपाचीवर सुटला. पठ्ठ्या ढिम्म हलला नाही. सासरे चरकले. मग एन्जिनएक्सची पाळी आली, तोही सुसाट सुटला आणि जावयाचा चेहरा पडला. निकाल बरोबरीचा.

सासऱ्यांनी अपाचीच्या सेटिंग्ज उघडल्या.

"ही वेग वाढवणारी कॅशे कोणी चालू केली? मी तर बंद ठेवली होती."

"आणि माझ्या सर्व्हरवर वेगासाठी फाइली आवळून पाठवायचं कोणी सुरू केलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अरे लबाडा!" सासऱ्यांना हसू आवरेना. "पण माझा पासवर्ड तुम्हाला दिला कोणी?"

"आईंनी. आणि माझा तुम्हाला?"

दोघांच्याही माना वळल्या. सासूबाई टाके मोजत होत्या.

"मग दोन्ही ठेवा," त्या वर न बघता म्हणाल्या. "निम्मी गिऱ्हाइकं इकडे, निम्मी तिकडे. फोन दिवसाआड घ्या."

संध्याकाळपर्यंत दोन्ही सर्व्हर जोडीने कामाला लागले. सासूबाईंनी लगेच नवा नमुना टाकला. पाळी सासऱ्यांची होती. ते फोन समोर ठेवून जेवायला बसले. गिऱ्हाइकं तर नेहमीसारखीच तुटून पडली होती, पण ताट संपलं, हात धुऊन झाले, तरी फोन वाजला नाही.

"काय हो, बरं वाटतंय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"वाटतंय की," सासरे म्हणाले आणि फोन बंद तर पडला नाही ना, हे बघायला त्यांनी तो उचलला.