दोन ब्रेकची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी शिकाऊ गाडी आहे. पिंपळे सौदागरच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझं आयुष्य गेलं. मला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसणाऱ्या रोहिदाससरांच्या. नवी होते तेव्हा लोक माझ्या रंगाचं कौतुक करायचे. आता दारांना पोचे आलेत. मला त्याचं फारसं काही वाटत नाही.

निरंजन आला तो हुशारीचं नाव घेऊनच. शाळेपासून पहिला नंबर, आता चाकणच्या कंपनीत इंजिनं डिझाइन करायचा. त्याच्या वडिलांना, लक्ष्मणरावांना, डाव्या अंगाला लकवा मारला होता. व्यायामासाठी त्यांना दिवसाआड दवाखान्यात न्यावं लागे. दारात नवी गाडी उभी होती, पण घरात चालवणारं कोणी नव्हतं.

पहिल्याच दिवशी निरंजननं सरांना क्लच कसा काम करतो ते समजावलं. अगदी बरोबर समजावलं. मग भर चौकात मला बंद पाडलं. मागे कंपनीच्या बस अडकल्या, हॉर्नचा नुसता गोंगाट. त्याचे कान लाल झाले.

"होतं हो, सगळ्यांचं होतं," सर म्हणाले.

"माझं होत नाही. तुमच्या गाडीतच खोट आहे."

माझ्यात खोट नव्हती. बिचाऱ्याला चुकायची सवयच नव्हती! जे पहिल्या झटक्यात जमत नाही, ते तो आजवर टाळतच आला असावा. तो परत फिरकला नाही. रिक्षा मिळाली तर लक्ष्मणराव जायचे, नाहीतर व्यायाम बुडायचा. त्यांचा हात आखडत चालला.

शेवटी त्याची आई, कौशल्याबाई, पदर खोचून स्टिअरिंगवर बसल्या. त्याच चौकात त्यांनी मला कितीदा तरी बंद पाडलं. हॉर्न वाजले की काच खाली करून ओरडायच्या, "थांबा की वाईच! बंदच पडलीय, पेटली तर न्हाई!" आणि स्वतःच हसायच्या. तेच तेच पुन्हा विचारून त्यांनी सरांचं डोकं खाल्लं. पण लायसन मिळवलं.

आता त्यांची गाडी आमच्या फाटकावरून जाते. लक्ष्मणराव सरांना हात करतात. बोटं अजून उघडत नाहीत, पण हात वर येतो. मागच्या सीटवरून निरंजन आईला गिअर कधी बदलायचा ते सांगत असतो.

मित्रांनो, मी लवकरच भंगारात जाईन. तुम्ही हुशार असाल तर जरूर असा. पण एकदा चौकात बंद पडून बघा. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू द्या.