रजईखालची ऊब

बाथरूममध्ये एका वेळी चारच माणसं मावत होती, म्हणून बाकीची थेट स्वयंपाकघरापर्यंत खोळंबली होती. प्रत्येकजण आत जाई, वाकून फरशीला हात लावी आणि डोळे पुसत बाहेर येई.

आत बाबा खुर्चीवर बसले होते. अनवाणी पाय नव्या फरशीवर, पायांवर आईची रजई, चौपदरी. शेजारी महाराज. त्यांना बोलायला विषय लागत नसे, फक्त कान लागत.

"देह जातो, ऊब जात नाही! बाकी फरशी कोमट, रजईखालची मात्र तापलेली. का? माउली यांचे पाय धरून बसल्यात! सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास, खंड नको."

लेक नुकतीच प्रवासातून उतरली होती. फरशीची कथा तिला ठाऊक होती. थंडीत आईचे पाय आखडायचे, म्हणून बाबांनी जुनं बाथरूम फोडून फरशीखाली तापणारी केबल घालून घेतली. फरशा बसल्या, सांधे भरले आणि त्यावर एकदाही पाऊल न टेकता आई गेली.

"बाबा, पाय काढा. भाजेल."

"मला कुठं कळतंय?" साखरेनं त्यांचे तळवे केव्हाच बधिर केले होते. "हात लावला की कळतं. आहे गं ती."

तिनं रजई उचलली.

"अगं, उठवू नकोस तिला!"

टाचेवर पांढरा फोड टरारला होता. शेजारी आधीचा एक, काळा पडलेला.

"स्पर्शाची खूण!" महाराजांनी हात जोडले. गर्दीतही दोघांनी जोडले.

मग तिनं तीच रजई कमोडजवळच्या कोपऱ्यात तशीच घडी करून ठेवली. "मावशी, सगळ्यांना चहा दे. तासाभरानं बघू." तोवर तिनं बाबांचा पाय गार पाण्यात धरला आणि डॉक्टरांना फोन केला.

तासानं मावशीनं कोपऱ्यातल्या रजईखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. "अगंबाई! इथंही आली?"

"कमोडपाशी? आई? सगळं घर सोडून?" लेकीनं विचारलं.

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आत्मा सर्वव्यापी असतो," महाराज म्हणाले.

"मग त्याला रजई कशाला लागते?"

महाराजांनी घड्याळ पाहिलं. त्यांना दुसऱ्या घरी जायचं होतं म्हणे.

तिनं सर्वांना समजावलं. केबल सगळ्या फरशीखाली सारखीच फिरवली आहे. किती तापलं हे मोजणारा सेन्सर दाराजवळ, उघड्या फरशीखाली आहे. जाड काही अंथरलं की खालची उष्णता कोंडते, वाढत जाते. दाराजवळच्या सेन्सरला त्याचा पत्ताच नसतो. बघा, आता बाबांच्या खुर्चीखालची फरशी बाकीच्यासारखीच कोमट आहे.

माणसं माना हलवत पांगली. जाताना एक शेजारीण म्हणाली, "खरं असेल तुझं. पण त्यांना बरं वाटत होतं."

डॉक्टर येऊन गेले. जखम खोल आहे, पाय वाचवायचा तर रोज पाहावं लागेल, म्हणाले. संध्याकाळी तिनं तो पाय मांडीवर घेऊन पट्टी बांधायला घेतली.

"म्हणजे नुसती तारच," बाबा म्हणाले.

"हो, बाबा."

"तू सांगितलंस ते कळलं मला. सगळं कळलं." त्यांनी बाथरूमच्या दाराकडे बोट केलं. "मग आता मी कुठं बसू?"

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. महाराजांकडे होतं; खोटं होतं, पण होतं. म्हणून तर लोक रांग लावतात. तरीही सांगायला हवं: कुठं ऊब लागली तर हात जोडण्याआधी वरचं पांघरूण काढून बघा. आणि ज्याचे पाय बधिर आहेत, त्याचे तळवे रोज कुणीतरी हातात घेऊन पाहावेत. गेलेली माणसं ते करू शकत नाहीत.

"धरलायस का पाय?" बाबांनी विचारलं.

"धरलाय."

"कळत नाही गं."