राबले मी, नाव सिगारेटचं

मी एक जुनी ग्रंथी आहे, मित्रांनो. माझं नाव अधिवृक्क. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली असते. तुमच्याही पोटात माझ्या बहिणी आहेत, पण त्या अजून तरण्याताठ्या असतील. संकट आलं की मेंदूचा हुकूम सुटतो आणि मी रक्तात रस सोडते. त्या रसाच्या जोरावर माणूस तग धरतो.

माझा धनी भिंगारचा सूर्यभान. विहिरीत सुरुंग लावायचा. वात पेटवली की मी असा रस द्यायची, की गडी दोरावरून सरसर वर. लोक म्हणायचे, काय छाती आहे! छाती कसली डोंबलाची, ती मी होते.

मग भिंगारच्या लष्करी छावणीतल्या कुणीतरी त्याला सिगारेटची चटक लावली. दर सिगारेटीला धुरातलं विष खोटीच हाकाटी करी आणि मला रस सोडावा लागे. सूर्यभानला वाटे, सिगारेटनं धीर येतो. आयत्या बिळावर नागोबा! अशी वर्षं गेली. रोज मरे त्याला कोण रडे? मेंदूही बधिरला, मीही. खऱ्या भीतीलासुद्धा पूर्वीसारखा रस सुटेना. मग तो आणखीच ओढू लागला.

बहात्तरच्या दुष्काळात पारनेरकडे विहिरी खोल करायचं काम निघालं. तिथं एक सुरुंग फुटलाच नाही. अशा वेळी एक सिगारेट संपेपर्यंत खाली उतरायचं नाही, अशी सूर्यभान आणि त्याचा जोडीदार पीरमहंमद यांची रीत होती. पण सूर्यभान तलफेनं इतका कासावीस झालेला, की भराभर झुरके मारून त्यानं ती केव्हाच संपवली. पीरमहंमद थांब म्हणत होता, तरी हा उतरला. सुरुंग तेव्हा फुटला.

पीरमहंमदनं त्याला नगरच्या दवाखान्यात आणलं तेव्हा पायाचा चेंदामेंदा झाला होता आणि रक्त फार गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पाय कापावा लागेल, पण याचं अंग साथ देत नाही. सूर्यभानची बायको गोजरबाई हात जोडून म्हणाली, "डाक्टर, त्यास्नी येक शिगरेट वढू द्या. तिच्यावरच त्यांचा धीर हाय."

डॉक्टर नाही म्हणाले. ते वळल्यावर तिनं स्वतःच सिगारेट पेटवून नवऱ्याच्या ओठांना लावली. लग्नानंतर इतक्या मायेनं तिनं काही दिलं नसेल. त्यानं दोन झुरके घेतले. पुन्हा तीच खोटी हाकाटी, आणि उरलासुरला रस मी सोडून बसले. त्याला आत नेताना ती पीरमहंमदला म्हणाली, "आता निभावत्याल ते."

मित्रांनो, तुमच्या पोटातल्या माझ्या बहिणींना उगाच हाका मारू नका. त्या बिचाऱ्या नाही म्हणत नाहीत, हीच त्यांची खोड.

आत्ता डॉक्टरांनी कापायला सुरुवात केली आहे. मेंदूचा हुकूम येतोय, आणि या खेपेला तो खरा आहे. पुन्हा येतोय. माझ्याकडे द्यायला काही नाही.